रानडुकरांची फेअर कॉपी

चहा होऊ द्या आधी. माझ्या हातून झालेल्या घोळांची यादी लांब आहे, पण हा एक घोळ असा की आजही लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी वाकून विचारतंच, "काय भाऊ, खरं हाये का ते?" खरं आहे बाप्पा. सगळं खरं आहे. म्हणून म्हटलं, इकडून तिकडून ऐकण्यापेक्षा आरोपीच्या तोंडूनच ऐका.

मी पस्तीस वर्षं सरकारी कारकून होतो. कोणत्या खात्यात ते विचारू नका, खातं अजून चालू आहे. निवृत्त झाल्यावर वडशाला घर बांधलं, पुस्तकांचं कपाट केलं आणि उरलेलं आयुष्य वाचनात घालवायचं ठरवलं. तेवढ्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनं, काजलनं, बंड केलं.

बंड म्हणजे पळून वगैरे गेली नाही. पळून गेली असती तर घरच्यांना समजलं असतं की करायचं काय. तिनं बँड काढला. पंक रॉक! ती गिटार वाजवते आणि गाते. गाते असं आपलं म्हणायचं. बरोबर भद्रावतीचा निखिल, तो जाड तारांची दुसरी गिटार वाजवतो. आणि तिसरा भामरागडच्या पलीकडच्या एका गावचा बिरजू. तो ड्रम वाजवतो, आणि असा वाजवतो की जणू ड्रमनं त्याच्या शेतात गुरं सोडली आहेत.

बँडचं नाव काय, तर 'रानडुक्कर'.

"अगं, दुसरं काही सुचलं नाई का तुले?" मी विचारलं. आमच्या भागात हा प्राणी काय चीज आहे ते तुम्हाला माहीत आहे. एका रात्रीत उभं धान लोळवून जातो. त्याचं नाव हौसेनं कोण घेतं?

"म्हणूनच तं ठेवलं, मोठेबाबा," काजल म्हणाली. "सगळं नीट लावून ठेवलं असते, त्यात आपण घुसायचं."

आता बोला!

तर मे महिन्यात या तिघांनी वडशाला तळ ठोकला. माझ्या ओळखीच्या एका शेठजींची जुनी राईस मिल बंद पडून होती. तिथे घुमारा चांगला येतो म्हणून तीन दिवस रेकॉर्डिंग केलं. पहिल्याच दिवशी कुरुडचा एक शेतकरी सायकलवर धानाचं पोतं लादून मिलच्या दारात हजर! मशीन चालू झाली असं वाटून तो बिचारा उन्हातून आला होता. आत डोकावून त्यानं तिघांना पाहिलं आणि मला विचारलं, "भाऊ, याच्यात तांदूळ कोणीकडून निंगते?"

मी म्हटलं, "मले बी तेच समजून नाई राह्यलं."

तीन दिवसांत नऊ गाणी झाली. नऊ गाण्यांना मिळून एकोणीस मिनिटं. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात नुसत्या नांदीला याहून जास्त वेळ लागतो. म्हटलं, असो, आटोपशीर आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज कडाडली आणि काजलचा लॅपटॉप कायमचा झोपला. पण रेकॉर्डिंगचं एक छोटं यंत्र होतं, त्याच्या कार्डात सगळं शाबूत होतं. नखाएवढं कार्ड! ते तिनं एका पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं.

"मोठेबाबा, आज शनिवार. कुरिअरवाला बंद हाये. मी पहाटे बिरजूले अन् त्याच्या ड्रमले गावी पोचवाले जाऊन राह्यली. पाऊस लागला का तिकडचा रस्ता बंद पडते. तुम्ही सोमवारी हे नागपूरले पाठवा. पत्ता वर लिहिला हाये."

"नागपूरले कोण हाये?"

"एक पोट्टा कॅसेट काढते आमची."

"कॅसेट? या जमान्यात?"

"मोठेबाबा, हे एकच हाये. दुसरी कॉपी नाई," ती म्हणाली आणि क्षणभर तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला. "निखिल पुढच्या महिन्यात नोकरीवर पुण्याले चालला. बिरजू धानाचं रोवणं टाकून येणार नाई. बँड मंग राह्यते का नाई, कोणाले माहीत? हे एवढंच उरणार हाये आमचं. जसं हाये तसं पाठवा."

जसं आहे तसं! आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं ज्या माणसानं एकही कागद 'जसा आहे तसा' बाहेर जाऊ दिला नाही, त्याला हे सांगायचं? आमच्या टेबलावरून कागद जावकला जायचा तर आधी कच्चा मसुदा, मग साहेबांची तांबडी शाई, मग फेअर कॉपी. मगच तो पाकिटात. साहेब बदलले, टाइपरायटर जाऊन संगणक आले, पण ही पद्धत मी मोडू दिली नाही.

रविवारी सकाळी काजलची भाड्याची जीप गेली आणि मी ते पाकीट समोर ठेवून बसलो. तपासल्याशिवाय पाठवायचं? पोरीचं आयुष्यभराचं काम! चूक राहिली तर नाव कोणाचं जाईल? आपल्याच घराण्याचं ना!

शेजारच्या मास्तरांच्या मुलाकडून कार्ड मोबाईलमध्ये बसवून घेतलं आणि ऐकायला लागलो.

अरे देवा!

आवाज फाटलेला. गिटार गिटारसारखी नाहीच, करवतीनं सागवान कापावं तशी. ड्रम असे आदळत होते की मोबाईल टेबलावर चालायला लागला. काजलचा गळा तर पार बसलेला. आणि एका गाण्याच्या शेवटी कोणीतरी चक्क खोकलंय! मी ओळखलं. वीज कडाडली तेव्हा रेकॉर्डिंगही बिघडलं. पोरीला पत्ता नाही. आता हे नागपूरला गेलं की फजिती!

माझी बायको आतून म्हणाली, "काऊन जी, तिनं जसंच्या तसं पाठवा म्हटलं ना?"

"तुले काय समजते? हे बिघडलं हाये," मी म्हटलं आणि चप्पल घातली.

वडशात असल्या दुखण्यावर एकच डॉक्टर. वामनभाऊ. वीस वर्षं नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतात. हिवाळाभर गावोगाव नाटकं, उन्हाळ्यात रिकामे. घरच्या पुढच्या खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचं दुकान थाटलंय. भिंतीला गाद्या, एक संगणक, एक माईक आणि ऑर्गन. वामनभाऊंनी दोन मिनिटं ऐकलं, डोळे मिटले आणि नाडीपरीक्षा झाल्यासारखी मान हलवली.

"भाऊ, आवाज फाटून राह्यला."

"तेच तं म्हणतो! दुरुस्त होते का?"

"होते ना. का नाई होणार? पण पोरीचा गळा बसला हाये. त्याच्यावर दुसरा गळा चढवा लागते."

दुसरा गळा म्हणजे शेवंताबाई. कंपनीच्या नायिका, गेली पंधरा वर्षं. त्या गल्लीतच राहतात. हातातलं भाजीचं ताट ठेवून आल्या. दिवसभर आम्ही बसलो. वामनभाऊंनी ऑर्गन भरला, ढोलकी भरली, बाईंनी गाणी म्हटली. मी शब्द तपासत बसलो होतो. मजेत चाललं होतं.

आणि मग लागलं सहावं गाणं. गाण्याचं नाव 'उद्या या'.

शब्द सांगतो, फार नाहीत. "साहेब नाही, उद्या या! शिक्का नाही, उद्या या! आज मेलो तर? उद्या या!" हे एवढंच, पण दीड मिनिट! आणि ते असं ओरडून की काच तडकावी.

माझ्या मस्तकात सणक गेली. मी उठून उभाच राहिलो.

"बंद करा! पहिले बंद करा हे! कोणं लिहिलं? माणूस काय हौसेनं म्हणते का उद्या या? साहेब दौऱ्यावर असते! फाईल वर गेली असते! तुमचेच कागद अपुरे असते! अन् ओरडून काय होते? ओरडून कोणाचं काम झालं आजपर्यंत? रांगेत उभे राहा! जोडपत्र आणा! आवाज खाली! सांगून राह्यलो, आवाज खाली!"

शेवंताबाई माईकसमोर तोंड उघडं ठेवून उभ्या. वामनभाऊंनी हळूच विचारलं, "भाऊ, पाणी देऊ?"

पाणी प्यायलो. मग शेवंताबाईच म्हणाल्या, "भाऊ, शब्द तं चांगले हायेत जी. जरा हळू म्हटलं का झालं." आणि त्यांनी तेच शब्द असे म्हटले, असे म्हटले! 'साहेब'च्या जागी 'साजण' घातलं. "साजण नाही… उद्या या… आज मेले तर… उद्या या…" मागे वामनभाऊंचा ऑर्गन. नदीच्या काठावर एक बाई वाट पाहत उभी आहे असं दिसायला लागलं. मी चष्मा काढून पुसला. खोटं कशाला सांगू?

काम संपलं तेव्हा मी कारकुनाचा शेवटचा नियम पाळला. फेअर कॉपी झाली की कच्चा मसुदा फाडायचा. नाहीतर दोन्ही कागद फिरतात आणि घोळ होतो.

"वामनभाऊ, कार्डातलं जुनं पुसून टाका. त्याच्यावर हेच भरा."

"पुसू?"

"बेधडक!"

सोमवारी पाकीट नागपूरला गेलं. मी घरी येऊन दुपारची झोप काढली. अशी झोप साहेबाची बदली झाली त्या दिवशीही लागली नव्हती.

काजल चार दिवसांत येणार होती, ती आली दहाव्या दिवशी. पाऊस लवकर आला, पुलावरून पाणी गेलं, ती तिकडेच अडकली. फोन लागत नव्हता. शेवटी चिखलानं माखलेली, पाठीवर गिटार, अशी ती एसटीतून उतरली. घरात पाय ठेवला आणि तिच्या फोनला आमच्या वडशाचं नेटवर्क लागलं. टुणटुण करत दहा दिवसांचे संदेश आले. ती उभ्या उभ्या वाचत होती.

"मोठेबाबा, नागपूरचा पोट्टा काय लिहून राह्यला? 'सहावं विरहगीत ऐकून आई रडली. पण बँड कुठे आहे?'"

"रडली ना?" मी म्हटलं. "सांगत होतो, गाणं उतरलं हाये म्हणून!"

"कोणतं विरहगीत?"

मग मी सगळं सांगितलं. अभिमानानं! आवाज कसा फाटला होता, शेवंताबाई कशा हातचं काम टाकून आल्या, वामनभाऊंनी ऑर्गन कसा भरला. बायको दाराआडून हातानं खुणा करत होती, थांबा म्हणून. मी कुठला थांबतो?

काजल खाली बसली. गिटार पाठीवर तशीच.

"फाटला नव्हता, मोठेबाबा. फाडला होता. त्यासाठीच तं गिटारले जोडाचं यंत्र घेतलं. तो खोकला बी ठेवला होता. बिरजूचा खोकला होता तो."

"खोकला ठेवतात?"

"सगळं ठेवतात! जसं झालं तसं!" मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "माझं कुठी हाये? आमचं वाजवलेलं?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीकडे पाहिलं.

"पुसलं," मी म्हटलं.

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, तिला सराव आहे. पण ती नखानं पँटवरचा वाळलेला चिखल खरवडत राहिली. "बिरजू नदीच्या पलीकडं हाये," ती म्हणाली. "निखिल परवा चालला."

तुम्हाला सांगतो, नोकरीत मी अनेकांची कामं अडवली. रडणारी माणसं पाहिली, हात जोडणारी पाहिली. काऊंटरच्या आत बसलं की ते काचेतून दिसावं तसं दिसतं. इथे काच नव्हती. पोरगी माझ्याच घरात बसली होती आणि तिचं होतं नव्हतं ते मी नियमानुसार पुसलं होतं.

"चल," मी म्हटलं. "वामनभाऊकडे चल."

भर पावसात, एका छत्रीत दोघं, छत्री बहुतेक माझ्याच डोक्यावर. वामनभाऊ खोलीत एकटेच ऑर्गन पुसत बसले होते.

"वामनभाऊ, ते जुनं परत येते का हो?"

"कसं येणार? तुम्हीच म्हणाले ना, बेधडक पुसा."

"पण तुम्ही दुरुस्त केलं ते कशावरून केलं?"

वामनभाऊ ओशाळले. फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं. "भाऊ, आता पोरगी समोर हाये म्हणून सांगतो. मी काई दुरुस्त नाई केलं. फाटला आवाज शिवाले येते का कोणाले? तुमचं मन राखावं म्हणून ते खाली हळू करून ठेवलं अन् वरून ऑर्गन मोठा केला. पांघरूण टाकलं समजा."

काजलनं मान वर केली. "म्हणजे खाली हाये?"

"या डब्यात हाये ना. कार्डातलं पुसलं फक्त."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. वामनभाऊ संगणकावर एकेक पांघरूण काढत गेले. ढोलकी गेली. ऑर्गन गेला. शेवंताबाई गेल्या, मला जरा वाईट वाटलं. आणि खालून त्या तिघांचा तो भयंकर, फाटका, करवतीसारखा आवाज वर आला. काजल दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही. मला एवढंच कळलं की इतका वाईट आवाज ऐकून इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

पाच गाणी सापडली, बिरजूच्या खोकल्यासकट. मग आलं सहावं. वामनभाऊंनी ढोलकी काढली, ऑर्गन काढला, बाई काढल्या. गाणं सुरू झालं. "साहेब नाही, उद्या या! शिक्का नाही, उद्या या!" आणि त्याच्या बरोब्बर मधोमध, खोलीच्या छतापर्यंत गरजला एक आवाज: "बंद करा! पहिले बंद करा हे! कोणं लिहिलं?"

मी दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"अरे हो," वामनभाऊ म्हणाले, "त्या टायमाले बाईसाठी माईक चालू होता. तवा हे वेगळं भरलं गेलं अन् मी बंद करून ठेवलं, आता सगळ्यासंगं उघडलं. थांबा, काढतो."

"हात लावू नका!" काजल ओरडली. आता मात्र ओरडली.

सगळं वाजलं. दौऱ्यावरचे साहेब, वर गेलेली फाईल, अपुरे कागद, जोडपत्र. मी जितका मोठ्यानं 'आवाज खाली' म्हणत होतो, तितकाच खालून बिरजू ड्रम बडवत होता. जणू आम्ही समोरासमोर बसून भांडत होतो. मला तर जमिनीत जावंसं वाटलं.

"काढ बाई ते," मी म्हटलं. "हात जोडतो."

"नाई काढत," काजल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तीन वर्षं आम्ही नुसतं हवेत ओरडून राह्यलो होतो, मोठेबाबा. समोर कोणी उभंच राहत नव्हतं. हे पाहा ना, आता भांडण कसं खरं वाटते!"

माझा अपराध इतका मोठा होता की नाही म्हणायला तोंड नव्हतं. नवीन कार्ड नागपूरला गेलं. या वेळी मी पाकिटाला बोटही लावलं नाही. वामनभाऊंनी ऑर्गनवाल्या गाण्यांची एक प्रत मात्र स्वतःकडे ठेवली, आणि येत्या हिवाळ्यात ते विरहगीत शेवंताबाईंच्या तोंडी नाटकात येणार आहे. सहावं गाणं असं दोन्हीकडून मार्गी लागलं.

पावसाळा सरल्यावर चंद्रपूरला एका छोट्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. निखिल खास पुण्याहून आला, बिरजू रोवणं आटोपून. मी पुढच्या खुर्चीत. सहाव्या गाण्यात स्पीकरमधून माझा आवाज आला, "आवाज खाली!" आणि सगळी पोरं एका सुरात बोंबलली. नाकात कडी घातलेला एक पोरगा कार्यक्रमानंतर माझ्या पाया पडला.

"तुम्हीच ते काका का? तुमचा आवाज ऐकला का असा राग येते ना, असा राग येते! मस्त वाटते!"

पस्तीस वर्षांत माझ्या कामाची ही पहिली लेखी नसलेली प्रशंसा. मी त्याला आशीर्वाद दिला.

कॅसेट घरी आली तेव्हा मला वाटलं, बायको काही ऐकायची नाही. तिला भजनं आवडतात. पण तिनं माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर स्वतः काढला, धूळ पुसली आणि रोज दुपारी भांडी झाली की ती सहावं गाणं लावायला लागली. फक्त सहावं. आणि गंमत म्हणजे मी गरजायला सुरुवात केली की दोन-चार शब्दांतच गाणं बंद व्हायचं. पुन्हा थोडं पुढं चालू. पुन्हा बंद. चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी राहवलं नाही.

"काऊन, मशीन बिघडली का? का एवढं आवडलं तुले?"

"मशीन चांगली हाये जी," ती म्हणाली. पदरानं हात पुसून ती माझ्याकडे वळली. असं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं ऐकून राह्यली हो हा आवाज. आता कसं, बटण दाबलं का बंद होते."